सातवी बदली

९ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते परत घेता येत नाहीत. बाकीचं पत्र रागाचं आहे, तेव्हा बसून वाच.

फोन करणार नव्हते. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि तिसऱ्याला ठेवून देतो. मेल तुझी सेक्रेटरी वाचते. म्हणून कागद.

काल तुला टीव्हीवर पाहिलं. कोट छान होता. निवेदकाने विचारलं, पुढच्या वर्ल्ड कपला कुठल्या विभागाला किती जागा द्याव्यात, आणि तू पायावर पाय टाकून म्हणालास, "आमच्या विभागाला आणखी हव्यात. त्या शेवटच्या विभागाला एक जागा देणं म्हणजे दानधर्म आहे. तीन सामने खेळतात, तीन हरतात आणि विमानात बसतात." निवेदक हसला. तूही हसलास. इथे आईने रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि भाजी निवडायला घेतली.

त्या शेवटच्या विभागात तू जन्मलास, बाबा. एकोणिसाव्या वर्षी तिकडे फुटबॉल खेळायला गेलास, त्यांचा नागरिक झालास, त्यांचा शर्ट घातलास, आणि आता त्यांच्या मुलींच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक आहेस. त्याबद्दल मी एकदाच तोंड उघडलं होतं आणि तेव्हापासून आपलं धड बोलणं होत नाही. मी इथल्या मुलींची प्रशिक्षक. धंदा एकच, दुकानं दोन. पण तू तिकडे बसून माझ्या दुकानाला कुलूप लावायला निघालास, हे मला चालणार नाही.

विभागाची ताकद कशी काढतात हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण टीव्हीवर तू ते विसरलास. प्रत्येक संघाचे गुण असतात. जिंकलं की समोरच्याचे थोडे आपल्याकडे येतात, हरलं की आपले तिकडे जातात. आता आमच्या विभागातले देश वर्षभर एकमेकांशीच खेळतात. म्हणजे गुण या खिशातून त्या खिशात. घरातल्या घरात पत्ते कुटून कोणी श्रीमंत झालंय का? गुण बाहेरून यायचे तर बाहेरच्यांशी खेळायला हवं, आणि बाहेरचे इकडे फिरकत नाहीत. बोलावतात ते त्यांच्या मैदानावर, त्यांच्या थंडीत, आदल्या संध्याकाळी विमानातून उतरवून. राहिला वर्ल्ड कप. तिथे आमची जागा एक, म्हणून सामने तीन. चार वर्षांत तीन सामने बघून ही शहाणी माणसं ठरवतात, की अख्ख्या विभागात दम नाही. दम नाही म्हणून जागा नाही, जागा नाही म्हणून सामने नाहीत, आणि सामने नाहीत म्हणून दम कोणाला दिसत नाही. या गोल गोल फिरण्याला कुठेतरी अडसर घालायला हवा. तो मी घालणार आहे.

जूनमध्ये जागावाटप समिती बसते. आमची एक जागा अर्धी करायचा प्रस्ताव तुमच्याच मंडळाने दिला आहे, माहीत असेलच. अर्धी म्हणजे काय, तर आम्ही आमच्या विभागात पहिलं यायचं आणि तरी थेट जायचं नाही. तुमच्या विभागातला जो संघ वर्ल्ड कपला जाता जाता राहिला, त्याच्याशी एक सामना खेळायचा. जिंकलो तर आत, नाहीतर घरी. माझ्या मुली अख्खं तारुण्य या एका जागेवर लावून बसल्या आहेत.

तेव्हा मागणं सरळ आहे. एप्रिलमध्ये तुझा संघ घेऊन इथे ये. आपल्या मैदानावर एक सामना खेळ. त्यानंतर टीव्हीवर बसून काय वाटेल ते बोल.

आई बरी आहे.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं तीन ओळींचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं! सख्ख्या बहिणीला टाइप केलेलं पत्र, वर मंडळाचा शिक्का. मी ते फ्रीजवर चिकटवलंय, येणारा-जाणारा वाचतो.

पहिल्या ओळीत लिहितोस, एप्रिल भरलेला आहे. तुझ्या मंडळाचं वेळापत्रक सगळं जग वाचू शकतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळी जागा आहे, आणि ती तिथेच राहावी म्हणून मी डोळ्यात तेल घालून बघते आहे.

दुसऱ्या ओळीत, मैदान योग्य नाही. त्याच मैदानावर तू खेळायला शिकलास. पाण्याच्या टाकीकडचा कोपरा अजून ओला राहतो, हे कबूल. बाकी गवत नवं आहे, खोल्यांना दारं आहेत, नळाला गरम पाणी येतं. गरम पाण्यासाठी मी मंडळाच्या सचिवांच्या इतक्या मागे लागले, की ते मला बघून जिना बदलायचे.

तिसरी ओळ मात्र तुझी स्वतःची वाटली. "सहा-शून्य हरलात तर अर्धीही राहणार नाही. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." हे वाचून मला आपलं अंगण आठवलं.

आठवतंय का? फाटक म्हणजे गोल. मी, शेजारच्या तिघी, वरच्या मजल्यावरचे दोन भाऊ. तू सहा वर्षांचा, गुडघ्याएवढा. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "त्याला लिंबूटिंबू घ्या, रडवू नका." मग तू धावायचास, चेंडूला पाय लावायचास, गोलसुद्धा करायचास, पण तो कोणी धरायचं नाही. सगळे टाळ्या वाजवायचे आणि चेंडू परत मध्यावर. एक दिवस तू फाटकाशी उभा राहिलास, मुठी आवळून, नाक वाहत होतं, आणि ओरडलास, "मला धरा! माझा गोल धरा!" मी म्हटलं, धरला तर तुझ्यावर झालेलेही धरावे लागतील. तू म्हणालास, "धरा!" त्या दिवशी तू अकरा गोलांनी हरलास आणि छाती काढून जेवायला बसलास.

आज आम्ही लिंबूटिंबू आहोत. आमच्या भल्यासाठी तुम्ही आम्हाला धरत नाही आणि वरून टाळ्या वाजवता. मला टाळ्या नकोत. सहा-शून्य झालं तर तेही धरा.

तारीख कळव. हाताने लिही.

ताई

ता. क. आई तुझं नाव घेत नाही. पण तुझ्या संघाचा सामना असला की आवाज बंद करून बघते.


२१ मार्च

बारक्या,

येतोयस म्हणे. त्या मोकळ्या आठवड्यात तू ज्यांच्याशी सामना ठरवलास त्या संघाने ऐन वेळी माघार घेतली आणि तुला दुसरं कोणी मिळेना. माझ्या पत्राने तुझं मन द्रवलं असा गैरसमज मी करून घेतलेला नाही. पण येतोयस, तेवढं पुरे.

इथे दोन तट पडलेत. एका बाजूला मी आणि मुली, दुसऱ्या बाजूला बाकी सगळे. सचिवांची पाचावर धारण बसली आहे. ते म्हणतात, "मॅडम, जूनपर्यंत गप्प बसलो असतो तर कदाचित जागा वाचली असती. आता त्यांच्यासारख्या संघाकडून घरच्या मैदानावर हरलो, म्हणजे समितीच्या हातात आपणच काठी दिली." त्यांचं म्हणणं खोटं नाही. घरी हरलं की गुण जास्त कापतात, हे मलाही माहीत आहे. पण गप्प बसून जागा राखायची आणि चार वर्षांनी पुन्हा गप्प बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. सातवी बदली. मैत्रीच्या सामन्यात दोघांपैकी कोणीही सहापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवल्या की तो सामना सरावाचा होतो, गुणांच्या हिशेबात धरत नाहीत. नियम चांगल्या हेतूने केला होता, नव्या पोरींना खेळवता यावं म्हणून. तुमच्याकडचे मोठे संघ त्याचा उपयोग कसा करतात, ते तू मला सांगू नकोस. लहान संघाशी हरायला लागले, की कोणातरी सातवीला अचानक खेळायची फार हौस येते.

सचिव म्हणतात, "हरायला लागलो तर आपणही सातवी उतरवू. झालं गेलं पुसून जाईल." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "निदान विचार तरी करा." मी म्हटलं, केला.

करारात मी ओळ घातली होती, की दोघांनीही सहावर थांबायचं. तुझ्या मंडळाने ती खोडून करार परत पाठवला. खोडणारा हात तुझा नसावा असं धरून चालते. तरी तुझ्याकडून शब्द हवा. मंडळाचा नको, तुझा. मी सातवी उतरवणार नाही, काहीही झालं तरी. तूही उतरवू नकोस.

माझ्या मुली कोण आहेत तेही सांगते, म्हणजे मैदानावर ओळख लागेल. गोलमध्ये नर्स आहे, रात्रपाळी करून सरावाला येते आणि उभ्या उभ्या डुलक्या घेते, पण चेंडू आला की जागी. पुढे डावीकडे बेकरीवाली, पहाटे पाव भाजते, दुपारी पळते. मधे कर्णधार, ती बसवर कंडक्टर आहे. बचावातल्या पोरी मागे रेंगाळल्या की ती ओरडते, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही!" तिचा आवाज तुमच्या खोल्यांपर्यंत पोचेल, दचकू नकोस.

शब्दाची वाट बघते.

ताई


१९ एप्रिल

बारक्या,

शब्द आला नाही, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

तू परवा जे केलंस ते आधी क्रमाने लिहून काढते, कारण तुमच्या कागदांवर ते कुठेही राहणार नाही.

पहिल्या अर्ध्यात तू आम्हाला आमच्याच घरात मारलंस. टाकीकडच्या कोपऱ्यात चेंडू चिखलात थांबतो, हे जगात कुठल्या परक्या प्रशिक्षकाला ठाऊक असणार? तुझ्या पोरी मुद्दाम तिकडेच लांब चेंडू मारत होत्या. आमची बचावातली पोर चेंडू सरपटत येईल म्हणून थांबायची, तुझी धावत जायची. दोन वेळा तसंच झालं, दोन गोल. खरं सांगू? राग आला आणि अभिमानही वाटला. मैदान विसरला नाहीस.

मध्यंतरात सचिव खोलीत आले. टाय सैल, कपाळावर घाम. "मॅडम, शून्य-दोन. हात जोडतो. सातवी उतरवा, पुसून टाका." सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. तिथे हो म्हटलं असतं तर जूनमध्ये कोणी मला बोल लावला नसता. मी मुलींना विचारलं, "पुसायचं का?" नर्स पायमोजे वर ओढत म्हणाली, "अजून अर्धा खेळ बाकी आहे ना?" कंडक्टर म्हणाली, "तिकीट काढलंय, तर शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊ." सचिव भिंतीला टेकून बसले. मग आम्ही एवढंच बदललं, की त्या कोपऱ्यात उभं राहायचं नाही, चेंडू तिकडे जायच्या आधीच अडवायचा.

पुढचं तू पाहिलंस. बेकरीवालीचा पहिला. मग दुसरा, कंडक्टरच्या फ्री किकवर. तू एकेक बदली करत गेलास, तीन, चार, सहा. आणि मग तो तिसरा! तुझ्या गोलकीपरच्या हाताखालून चेंडू गेला तेव्हा मी पाण्याची बाटली हवेत फेकली आणि ती सचिवांच्या डोक्यात पडली. ते तरी हसत होते. तीन-दोन. मोठ्या विभागातला संघ, आमच्या मैदानावर, पूर्ण ताकदीने, आणि आम्ही पुढे.

तेव्हा तुमच्या मंडळाचा एक निळ्या कोटातला माणूस तुझ्या कानाशी आला. तू मान हलवलीस, नाही म्हणून. मी पाहिलं. तो पुन्हा बोलला. तू बुटांकडे बघत राहिलास. मग मागच्या बाकावरची एक कोवळी पोर उठून जाकीट काढायला लागली. मी रेषेपर्यंत आले आणि तुला हाक मारली. सगळ्या मैदानाला ऐकू गेली, तुला गेली नाही.

पाटी वर झाली. लोक टाळ्या वाजवतच होते, त्यांना काय कळणार? फक्त कंडक्टरला कळलं. ती चालता चालता मधेच थांबली, बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, सात झाल्या ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आता?" मी म्हटलं, "खेळ." आणि त्या खेळल्या, रे. धरला न जाणारा सामना त्या शेवटच्या शिट्टीपर्यंत जीव तोडून खेळल्या आणि तीन-दोन जिंकल्या.

नंतर तू कठड्याशी आलास आणि आईला चाकांच्या खुर्चीत पाहिलंस. तुझा चेहरा मी पाहिला. हो, ती नोव्हेंबरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन घरात चालते, लांब जायचं तर खुर्ची लागते. तुला कळवलं नाही, कारण मग तू आईसाठी आला असतास, आणि मला तू सामन्यासाठी यायला हवा होतास. दया येऊन कोणी माझ्या मैदानावर आलेलं मला चालत नाही. यावर चिडायचं तर चीड.

तू वाकून तिच्या पायांना हात लावलास. एवढ्या वर्षांनी. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "रडी खाल्लीस." तू बसकडे निघून गेलास.

यापुढे पत्र येईल न येईल. आज तरी लिहायला हात धजत नाही.

ताई


२७ जून

निकाल लागला. आमची जागा अर्धी झाली. उरलेली अर्धी तुमच्या ताटात पडली, अभिनंदन.

मी समितीपुढे जाऊन आले. लांबलचक टेबल, सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटल्या, सगळे सभ्य. मी एप्रिलचा विषय काढला. अध्यक्षांनी चष्मा चढवून कागद चाळले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आमच्या हिशेबात एप्रिलमध्ये असा सामनाच नाही." मी म्हटलं, "साहेब, मैदान भरलं होतं." ते म्हणाले, "असेल." बाहेर आल्यावर सचिव म्हणाले, "मॅडम, आपण तरी का नाही पुसला, या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी कळलं नव्हतं. आज कळलं." त्यांनी मला चहा पाजला. बिचारे आता मला बघून जिना बदलत नाहीत.

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं. नोकरी जाईल म्हणून घाबरलास, लेकींची शाळा, घर, सगळं समजलं. माफी मागितलीस तीही वाचली. ती मी ठेवून देते, पण तिचं काय करायचं ते मला आज सुचत नाही. तुझी माफी आमच्या तिसऱ्या गोलाच्या जागी बसत नाही.

मला रडायला वेळ नाही. सप्टेंबरपासून विभागातले सामने, आम्हाला पहिलं यावंच लागेल. त्यानंतरचा तो एकमेव सामना तिऱ्हाईत देशात आहे. सपाट, कडक मैदान, चेंडू सुसाट पळतो. ना टाकी, ना चिखल. तसं मैदान आमच्याकडे नाही. कंडक्टरने डेपो मॅनेजरला पटवलंय. रविवारी सकाळी बस बाहेर काढून ठेवतात आणि आम्ही डेपोच्या डांबरावर चेंडू खेळतो. गुडघे सोलवटतात, नर्स सगळ्यांना पट्ट्या बांधते आणि शिव्या घालते. परवा एक म्हातारा बसची वाट बघत बघत दोन तास थांबला आणि जाताना म्हणाला, ही बस नाही आली तरी चालेल.

अर्धी जागा म्हणजे अर्धं उघडं दार. मी खांदा लावायला शिकवते आहे.

ताई


३ डिसेंबर

बारक्या,

आम्ही पहिल्या आलो. तुमच्या विभागाचं काय झालं ते वाचून मी बेकरीत उभ्या उभ्या इतकी हसले, की पाव घ्यायचे राहिले. तुम्ही तिसरे! घरच्या मैदानावर शेवटचा सामना घालवलात आणि थेट जायचे ते राहिलात. आणि काल सामन्याची तारीख जाहीर झाली.

तर फेब्रुवारीत आपण भेटतोय. तू आणि मी, एक सामना, एक जागा. तुमच्याच मंडळाने मागून घेतलेली ही लढत आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

एक गोष्ट मात्र नीट बघून घेतली. हा पात्रतेचा सामना आहे. बदली खेळाडू पाचच, सहावीलाही परवानगी नाही. जे होईल ते राहील.

तुझ्या माणसांनी आमच्या सामन्यांच्या फिती मागवल्याचं कळलं. बघ, सगळ्या बघ. आम्हाला पहिल्यांदाच कोणीतरी अभ्यास म्हणून बघतंय, मुली त्यावरच खूश आहेत. नर्स विचारत होती, फितीत तिच्या डुलक्या दिसतात का.

मी तुला हरवायला येते आहे. यात भावाबहिणीचं काही नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. सगळं त्यातच आहे. मला तू समोर हवास, चांगल्या कोटात, पूर्ण ताकदीचा संघ घेऊन. कोणीही आजारी पडायचं नाही, कोणाला विश्रांती द्यायची नाही. आणि हरलो तर मी स्वतः तुझ्याकडे येऊन हात मिळवीन आणि टीव्हीवर सांगीन, की तुमचा विभाग तगडा आहे. मी रडी खात नाही, तुला माहीत आहे.

आईला प्रवास झेपणार नाही. ती घरून बघेल. आवाज बंद करून, बहुतेक.

ताई


२० फेब्रुवारी

बारक्या,

मैदानावर बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

एक-शून्य. गोल देखणा नव्हता, मला माहीत आहे. कॉर्नर आला, पाच-सहा जणी एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू कंडक्टरच्या कंबरेला लागून आत गेला. ती अजून शपथेवर सांगते, की तिने मुद्दाम कंबर लावली. त्यानंतर तुम्ही आम्हाला जवळजवळ पुरून टाकलंत. दोनदा खांबाला लागला. नर्सने शेवटचा जो अडवला, तो कसा अडवला हे तिलाही सांगता येत नाही. तुझ्या पोरी फार चांगल्या खेळल्या. त्या पांढऱ्या पट्टीवालीला सांग, रडू नकोस, तो चेंडू कोणीही चुकवला असता.

शिट्टी झाली तेव्हा माझ्या मुली मैदानभर आडव्या पडल्या होत्या आणि तू चालत माझ्याकडे आलास. मला वाटलं, काहीतरी बोलशील. तू हात हातात घेतलास आणि बराच वेळ सोडला नाहीस. निळा कोटवाला लांबून बोलावत होता. माझ्या मनात पुष्कळ दिवसांचं साठलेलं होतं, तोंडावर फेकायला तयार. पण तुझे केस पुढून विरळ झालेत एवढंच दिसलं. मग मुलींनी मला ओढून नेलं.

आम्ही वर्ल्ड कपला चाललोय, बारक्या. हे वाक्य मी आज चौथ्यांदा लिहून बघते आहे.

पुढचं मला घरी आल्यावर शेजारीण सांगत होती. ती आईच्या सोबतीला बसली होती. सामना संपल्यावर तुला टीव्हीसमोर उभं केलं, तोच जुना निवेदक. टीव्हीचा आवाज बंदच होता, पण खाली अक्षरं येतात, ती दोघी वाचत होत्या. तो म्हणाला, "त्या विभागाकडून तुमच्या संघाचा हा पहिलाच पराभव. कसं वाटतं?" तू खाली बघितलंस. मग वर बघून म्हणालास, "पहिला नाही, दुसरा. एप्रिलमध्ये त्यांच्या घरी तीन-दोन हरलो. तो मी सातवी उतरवून पुसला. तो धरा." निवेदकाने विषय बदलायला तोंड उघडलं, तर तू पुन्हा म्हणालास, "आधी तो धरा."

शेजारीण सांगते, तेवढ्यात आईने रिमोट हातात घेतला. हिला वाटलं, झालं, आता बंद करणार.

आईने आवाज वाढवला.

ताई